ताप डोक्यात गेला, म्हणजे कुठं गेला?

"ताप डोक्यात गेला" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलंय. पोर तापानं फणफणलं, मान ताठ झाली, बडबडायला लागलं, झटके आले, की घरातली म्हातारी माणसं हळू आवाजात हेच म्हणतात. पुढं काही विचारायचं नसतं. पूर्वी त्याच्यापुढं सांगण्यासारखं काही उरतही नसे.

आज मी या तापाचा इतिहास सांगणार आहे. माझं बी.ए. इतिहासातच झालंय. पण तिथं आम्ही लढाया आणि तह शिकलो, रोगाराईचा इतिहास कुणी शिकवला नाही. तो मला शोधावा लागला एका पोरीमुळं.

२०२२ चा पावसाळा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, आंब्याच्या बाजूला एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. आमच्या एका गटातल्या बाईची नऊ वर्षांची मुलगी आजारी पडली. वरच्या धनगरवाड्यावरचं घर, खाली रस्त्याला यायचं म्हणजे दीड तासाची पायवाट. पोरीचा कान आधीपासून वाहत होता. वर्षभर वाहत होता म्हणा ना. कान वाहणं हा काही आजार आहे असं कुणाला वाटतच नाही. मग ताप आला. खालच्या गावात इंजेक्शन घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. तिसऱ्या दिवशी ती डोकं धरून ओरडायला लागली, उजेड नको म्हणून गोधडी तोंडावर ओढायला लागली, आणि रात्री तिला झटका आला. पहाटे घोंगड्याची झोळी करून चौघांनी खाली आणलं, गाडीनं मलकापूर, तिथून कोल्हापूर.

मी दुपारी दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी सांगितलं मेंदूज्वर आहे, मेंदूच्या आवरणाला जिवाणूंनी सूज आणलीय. पाठीतलं पाणी काढून तपासायचं म्हणाले, तशी आई घाबरून नकोच म्हणायला लागली. पाठीत सुई घातली की पोर पांगळं होतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी तिला समजावलं. आणि मग, हे सांगायला मला लाज वाटते, मी तिला विचारलं, "हिचं लसीकरणाचं कार्ड कुठाय? टोचून घेतलंवतंस का न्हाई हिला?"

ती काही बोलली नाही. कार्ड नव्हतंच. पोर जन्मली तेव्हा ती ऊसतोडीला गेली होती. बाळंतपण तिकडंच, फडावरच्या खोपटात झालेलं.

पोरगी वाचली. गटातून वीस हजारांचं कर्ज दिलं, ते फेडायला तिला दीड वर्ष लागलं. पण पोरीचे दोन्ही कान गेले. वाड्यावर, गटात, माहेरी सगळ्यांनी त्या बाईला एकच सांगितलं : टोचलं असतंस तर ही वेळ आली नसती. सुरुवात मी केली होती, म्हणून हे बोलणं माझ्या मनातून जाईना. टोचलं असतं तर खरंच टळलं असतं का? कोणती लस? ती कधी आली? इथनं मी वाचायला लागले.

हा रोग जुनाच, पण त्याची साथ पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती १८०५ साली, स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा गावी. व्ह्यूसो नावाच्या डॉक्टरनं लिहिलं की धडधाकट मुलं एक-दोन दिवसांत जातात. कारण कळायला पुढं ऐंशी वर्षं गेली. १८८७ मध्ये वाइक्सेलबाउम नावाच्या डॉक्टरला व्हिएन्नात एक जिवाणू सापडला, त्याला आता मेनिंगोकोकस म्हणतात. १८९१ मध्ये जर्मनीत क्विंके या डॉक्टरनं कमरेच्या मणक्यांतून सुई घालून ते पाणी काढायची रीत काढली. म्हणजे ती पाठीतली सुई सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती घालतात त्या जागी मज्जारज्जू संपलेला असतो, म्हणून पोर पांगळं होत नाही. हे त्या दिवशी मला माहीत असतं तर आईला समजवायला एवढा वेळ लागला नसता.

मेंदूज्वर करणारे जिवाणू एकच नाहीत. मेनिंगोकोकस साथी आणतो. न्यूमोकोकस न्यूमोनिया करतो, आणि वाहत्या कानातूनही मेंदूपर्यंत पोचू शकतो. क्षयाचा जंतूही मेंदूत जातो. जन्मल्याबरोबर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात ती मुख्यतः लहान मुलाला या मेंदूच्या क्षयापासून वाचवायला. दंडावरचा तो व्रण आपल्यापैकी कितीजणींना आहे, बघा बाही वर करून. आणि चौथा म्हणजे हिब. डासामुळं होणारा जपानी मेंदूज्वर वेगळा, तो विषाणूचा. आज त्याच्यात शिरत नाही.

हिबची गोष्ट मला सगळ्यांत आवडली, कारण ती बायांची आहे. १८९२ मध्ये फायफर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाला फ्लूच्या रोग्यांत हा जिवाणू दिसला. त्यानं जाहीर करून टाकलं की फ्लू यानंच होतो, आणि त्यावरूनच पुढं नाव पडलं, हिमोफिलस इन्फ्लुएंझा. ते चुकीचं होतं. फ्लू विषाणूनं होतो. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एखाद्या बाईला एकदा वाड्यावर नाव ठेवलं की ते जन्मभर राहतं, तशातली गत.

मग आल्या मार्गारेट पिटमन. जन्म १९०१, अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात, वडील खेड्यातले डॉक्टर. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करताना त्यांनी १९३१ साली दाखवून दिलं की या जिवाणूच्या काही जातींवर साखरेचं आवरण असतं. त्या आवरणाचे सहा प्रकार, ए पासून एफ पर्यंत, आणि मुलांना मेंदूज्वर करणारा त्यातला बी. 'हिब'मधला शेवटचा ब तो हा. याच बाईंनी पुढं डांग्या खोकल्याची लस किती गुणकारी आहे हे मोजायची रीत बसवली. आपल्या बाळांना दीड महिन्याला जी पेंटा लस देतात तिच्यात हिबही आहे आणि डांग्या खोकलाही. म्हणजे एका सुईत पिटमनबाईंचं काम दोनदा आलंय.

दुसऱ्या हॅटी अलेक्झांडर. यांचाही जन्म १९०१ चाच. न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांच्या डॉक्टर. त्या काळी हिबचा मेंदूज्वर झालेलं तान्हं बाळ जवळजवळ जातच असे. मेनिंगोकोकसवर घोड्याच्या रक्तातून काढलेलं सीरम काही प्रमाणात चालत होतं. जनावराला थोडेथोडे जंतू टोचायचे, त्याच्या रक्तात त्यांच्याशी लढणारी द्रव्यं तयार होतात, मग ते रक्त काढून त्यातलं सीरम रोग्याला द्यायचं, अशी ती पद्धत. हिबवर घोड्याचं सीरम चालेना. अलेक्झांडरबाईंनी सशाचं करून पाहिलं. १९३९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बाळं बरी झाली. पुढं अँटिबायोटिक औषधं आली, तेव्हा जंतू औषधाला कसे सरावतात हेही पहिल्या-पहिल्यांदा पाहणाऱ्यांत त्या होत्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं १९६४ साली त्यांना अध्यक्ष केलं, तिथवर त्या खुर्चीत बाई बसली नव्हती.

औषधानं मूल वाचतं, पण कान, डोळे, बुद्धी वाचेलच असं नाही. आमच्या पोरीचं तेच झालं. म्हणून लस पाहिजे होती. अडचण अशी की त्या जिवाणूचं साखरेचं आवरण दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला शत्रू म्हणून ओळखताच येत नाही. आणि हिब नेमका त्याच वयात जास्त धरतो. यावर तोड काढली रॅशेल श्नीरसन आणि जॉन रॉबिन्स या जोडीनं, आणि दुसरीकडं पोर्टर अँडरसन आणि डेव्हिड स्मिथ यांनी. श्नीरसनबाई मूळच्या पोलंडच्या. तोड काय होती? आपल्या भाषेत सांगते. नवीन बाई एकटी बँकेत गेली तर साहेब तिच्याकडं बघतही नाही. पण ओळखीचा जामीनदार बरोबर नेला की खातं लगेच उघडतं. तसं त्यांनी ती अनोळखी साखर शरीराच्या ओळखीच्या प्रथिनाला जोडली, धनुर्वाताच्या लसीत असतं तशाला. बाळाचं शरीर प्रथिन ओळखतं आणि त्याच्याबरोबरची साखरही लक्षात ठेवतं. १९९० पासून अमेरिकेत दोन महिन्यांच्या बाळांना ही लस मिळू लागली. त्याआधी तिथं दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे वीस हजार मुलं हिबच्या गंभीर आजारानं पडायची. थोड्याच वर्षांत तो आजार इतका कमी झाला की तिथल्या तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच वाचावा लागतो.

आता १९९० हे साल लक्षात ठेवा, आणि आपल्याकडं या.

लस आपल्याला नवी नव्हती. हिंदुस्थानातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्यांना दिली. प्लेगची लस हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगनं गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. या दोन तारखा वेगवेगळ्या धड्यांत शिकवतात, म्हणून त्या एवढ्या जवळ आहेत हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं. मुंबईत लसीच्या चाचण्या चालू, आणि पुण्यात सावित्रीबाई पोर पाठीवर घेऊन चाललेल्या.

हिबची लसही अशीच अंतरं कापत आली. आपल्या देशात सरकारी लसीकरणात ती पेंटामधून आली ती डिसेंबर २०११ मध्ये, केरळ आणि तमिळनाडूत. मग २०१२-१३ च्या सुमारास गोवा, कर्नाटक वगैरे. आपल्या महाराष्ट्रात २०१५ मध्ये. म्हणजे निपाणीच्या बाळाला जी लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती, ती कागलच्या बाळाला मिळत नव्हती. मध्ये काही मैलांचं अंतर आणि एक राज्याची सीमा. खाजगी दवाखान्यात मिळायची, पैसे मोजून.

उशीर का झाला, याला एक कारण नाही. लस महाग होती. शिवाय आपल्याकडं हिब फारसा नाहीच, असं काही डॉक्टर म्हणत होते, प्रकरण कोर्टातही गेलं. दिसत नव्हता हे खरं. पण का दिसत नव्हता? पाठीतलं पाणी काढायच्या आधीच पोराला दोन-चार अँटिबायोटिक इंजेक्शनं झालेली असतात, मग प्रयोगशाळेत जंतू उगवतच नाही, आणि कागदावर नोंद होत नाही. आमच्या पोरीचा रिपोर्टही असाच आला : जंतू आढळला नाही. मला वाटतं, जे मोजलं गेलं नाही ते नव्हतंच असं धरून चालणं ही या इतिहासातली मोठी चूक होती.

न्यूमोकोकसची लस, तिला पीसीव्ही म्हणतात, ती तर आणखी उशिरा. २०१७ मध्ये हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशच्या काही भागांत, आणि आपल्याकडं २०२१ मध्ये.

आता हिशेब मांडा. आमची पोरगी जन्मली २०१३ ला. हिबची लस आपल्याकडं आली २०१५ ला, पीसीव्ही २०२१ ला. कान वाहत होता म्हणजे बहुधा न्यूमोकोकसच असावा असं डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही म्हणाले. तिच्या आईनं सगळे ठरलेले डोस ठरल्या दिवशी घेतले असते, तरी या दोन्ही लशी तिला मिळाल्या नसत्या. त्या आल्याच नव्हत्या. बीसीजी आणि बाकीच्या मिळाल्या असत्या, आणि त्या घ्यायलाच पाहिजे होत्या, ते मी नाकारत नाही. पण या तापाचा दोष त्या बाईचा नव्हता. मी तिच्या घरी जाऊन हे सांगितलं. सालं कागदावर लिहूनच नेली होती. तिला वाचता येत नाही, पण तिनं तो कागद मागून घेतला आणि देव्हाऱ्याच्या मागं ठेवून दिला.

एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्या पुण्याची आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा व्यवसाय. म्हातारे झालेले घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी द्यायचे. तेच काम आपणच का करू नये, असं म्हणून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेंदूज्वराचा एक पट्टाच आहे. कोरड्या, धुळीच्या महिन्यांत तिथं मेनिंगोकोकसच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि २५ हजार मेली. तिथं ही तान्ह्यांपुरती गोष्ट नव्हती, शाळकरी मुलं आणि तरुण पोरंही जात. त्या देशांचं म्हणणं होतं की डोस अर्ध्या डॉलरच्या आत पाहिजे, तेव्हाचे साधारण वीस-पंचवीस रुपये. मोठ्या विदेशी कंपन्यांना ते परवडेना. पुण्यानं हो म्हटलं. साखरेला प्रथिन जोडायचीच रीत, हिबच्या लसीसारखी. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो देशात लसीकरण सुरू झालं, आणि ते एक वर्षापासून २९ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना होतं. फक्त बाळांना नव्हे. आई, तिची धाकटी बहीण, कडेवरचं पोर, सगळ्यांना तीच लस. २०१२ मध्ये बेनिन देशात ही लस बर्फाशिवाय, ४० अंशांपर्यंतच्या उन्हात चार दिवसांपर्यंत नेऊन वापरली. आपल्या नर्सबाई निळा डबा खांद्याला लावून, त्यातला बर्फ वितळायच्या आत वाडा चढतात, त्यांना हे ऐकून हेवा वाटेल. त्या 'ए' प्रकारच्या मेंदूज्वराचा एकही पक्का रोगी त्या पट्ट्यात २०१७ नंतर सापडलेला नाही. पाच प्रकारांवर चालणारी नवी लसही पुण्याचीच, ती २०२४ मध्ये सगळ्यांत आधी नायजेरियानं वापरली.

मेनिंगोकोकसची लस आपल्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात नाही. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये त्याच्या साथी आल्या, मेघालयात २००८-०९ मध्ये. हजला जाणाऱ्यांना मात्र ती घ्यावीच लागते. तुमच्या गल्लीतल्या कुणाचे आजी-आजोबा हजला गेले असतील तर विचारा त्यांना.

गटाच्या बैठकीत मला हमखास विचारतात, मोठ्या पोराचं राहिलं असेल तर आता काय? पेंटाचा पहिला डोस सरकारी दवाखान्यात बाळ एक वर्षाचं व्हायच्या आत सुरू व्हावा लागतो. एकदा सुरू झाला की राहिलेले डोस वर्षानंतरही पुरे करतात. त्यापुढच्या मुलाला कोणती लस द्यायची हे वयावर असतं, म्हणून कार्ड हरवलं असलं तरी, नसलं तरी पोराला घेऊन जा. वय मोठं आहे म्हणून नर्सबाई परत पाठवतील असं घरी बसून ठरवू नका. आणि वाहत्या कानाला तेल घालून गप्प बसू नका. ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, हनुवटी छातीला न टेकणं, गुंगी, तान्ह्याची टाळू फुगणं, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

त्या बाईला २०२३ मध्ये मुलगा झाला. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, तिन्ही वेळा ती पेंटासाठी त्याला घेऊन खाली आली. पीसीव्हीच्या तिन्ही वेळाही चुकवल्या नाहीत, शेवटची नवव्या महिन्यात. त्या दिवशी पोरगीही बरोबर होती. तिला आता ओठांवरून थोडंफार कळतं, शाळेत पहिल्या बाकावर बसते. आईनं नर्सबाईंना विचारलं, "हिचं काय ऱ्हायलंय काय?" नर्सबाईंनी वय विचारलं, दहा पुरं. दहा वर्षाला धनुर्वात-घटसर्पाची टीडी असते, ती द्यायची होती. पोरीला काय चाललंय ते कळलं. तिनं भावाला माझ्याकडं दिलं आणि स्वतःच बाही वर केली. नर्सबाईंनी एक नवं कोरं कार्ड काढलं, वर तिचं नाव लिहिलं, आणि पहिली तारीख टाकली.